वाटी तिरकी करून पाहणारा मधुकर

जाहीर निवेदन. तमाम नाशिककरांस, विशेषेकरून पंचवटीतल्या गृहिणींस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, दही लागले की नाही हे वाटी तिरकी करून व मनातल्या मनात सेकंद मोजून ठरविणारा या शहरातील एकमेव अधिकृत इसम यापुढे सेवेस उपलब्ध असणार नाही. ज्यांनी काल विरजण लावले असेल त्यांनी आपापल्या जबाबदारीवर झाकण उघडावे. तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

हे निवेदन मी आज लिहिलेलं नाही. मधुकरच्या पन्नाशीला, त्याच्या घरी जमलेल्या मंडळींपुढे, खांद्यावर उपरणं टाकून आणि घसा खाकरून मी ते दवंडीच्या थाटात वाचून दाखवलं होतं. मंडळी पोट धरून हसली. मध्या मात्र शेवटपर्यंत परीक्षकासारखा ऐकत राहिला आणि म्हणाला, "मनातल्या मनात नाही मोजत मी. घड्याळ लावतो. तेवढं दुरुस्त कर." मी म्हटलं, साठीला करू. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. कागद माझ्याच कपाटात होता... दुरुस्ती राहून गेली.

पाच आठवड्यांपूर्वीचा सोमवार. सकाळी साडेआठला मी स्कूटरवरून पंचवटीत शिरलो तेव्हा माझ्या पिशवीत इंजेक्शनांचं एक खोकं होतं आणि डोक्यात एक वाक्य. खोकं मध्यासाठी होतं. पाय मोडून तो शनिवारीच हॉस्पिटलातून घरी आला होता. वाक्यही त्याच्यासाठीच होतं. वाटभर मी त्याची तालीम केली होती. दारात उभं राहायचं, खोकं डोक्यावर धरायचं आणि ललकारी द्यायची, "घ्या सरकार, बिनबर्फाचं." बर्फाची गोष्ट पुढे येईलच. भाजीच्या हातगाड्यांमधून स्कूटर काढत मी बोळात वळलो, ती भिंतीला टेकवली आणि मागे-पुढे न बघता पायऱ्या चढलो. पायरीवर चपला होत्या. पंचवटीत एखाद्या घराबाहेर इतक्या चपला दोनच कारणांनी असतात, आणि सत्यनारायण असता तर मला आमंत्रण असतं. हे माझ्या लक्षात आलं, पण एका क्षणाने उशिरा. वाक्य तोंडातून सुटलं होतं. खोकं डोक्यावर होतं. आत पंधरा-वीस माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. सुमनवहिनींनी मान वर केली आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "या, भाऊजी."

सकाळी सात वाजता तो उठून बसला होता. वहिनींनी चहा दिला. त्याने सवयीने कप जरा कलता करून पाहिला आणि विचारलं, "सुमन, मला दम लागतोय का गं?" दुसऱ्याच कुणाची तपासणी चालली असावी, तसं. दहा-बारा मिनिटांत सगळं संपलं. पायाच्या शिरेत गुठळी झाली, ती सुटून फुप्फुसात गेली, असं त्याचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने नंतर सांगितलं. शिरेतली गुठळी. जिने माणसं मरू नयेत म्हणून या माणसाने आयुष्याची वीस वर्षं खर्ची घातली, तीच. हे वाक्य मी गेले पाच आठवडे निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहिलंय. माझ्याकडे आवाजांची कमतरता नाही. पण कुठल्याच आवाजात ते बसत नाही.

मध्याचे वडील रामकुंडावर पौरोहित्य करायचे, आजोबाही तेच करायचे, आणि त्या घराण्याच्या समजुतीप्रमाणे मध्यानेही तेच करायचं होतं. त्याने रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं. तिथवर घराने सोसलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या लहानशा औषध कंपनीत लागला, तेव्हा मात्र घरात भूकंप झाला. "आमच्या" अशासाठी की मी तिथे आधीपासून एमआर होतो. हातात बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसायचं आणि बोलावलं की पाठ केलेलं धडाधडा म्हणायचं. त्यावरूनच मध्याने मला पोपटराव हे नाव बहाल केलं. भूकंपाचं कारण असं की आमची कंपनी हेपारिन बनवायची, आणि हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध निघतं ते जनावराच्या आतड्याच्या अस्तरातून. खाटीकखान्यातून बोकडांच्या आतड्यांचे ड्रम यायचे आणि ते उघडताना रामकुंडावरच्या भटजींचा मुलगा पहिला वाकून बघायचा.

त्याची आई, माई, त्याला पुढच्या दाराने घरात घेत नसे. मागच्या दारी बादलीभर पाणी, मग गोदेच्या पाण्याची पळी, मग प्रवेश. मी एकदा सोबत होतो, तर मलाही आंघोळ घातली. मी नुसत्या पिशव्या उचलतो, आतडी नाही, हे माझं म्हणणं ऐकून घेतलं गेलं नाही. माई म्हणायची, "आजा पिंड लावायचा, बाप मंत्र म्हणतो, आणि हा आतडी धुतो." मध्या शांतपणे सांगायचा, "माई, त्या आतड्यातून जे निघतं ना, त्याने माणसाचं रक्त गोठत नाही." त्यावर माईचं उत्तर तयार असे. "तुझा बाप तीस वर्षं मंत्र म्हणतोय, त्याने तरी कुणाचं रक्त गोठलंय?"

वाटी तिरकी करण्याची सवय त्याला त्या कंपनीनेच लावली. तयार झालेलं औषध चांगलं आहे की नाही हे ठरवायची तिथली रीत साधी होती. बोकडाच्या रक्तातला पिवळसर पातळ भाग काचेच्या नळ्यांमध्ये घ्यायचा, त्यात औषध घालायचं, नळ्या कोमट पाण्याच्या टाकीत ठेवायच्या आणि दर थोड्या सेकंदांनी एकेक उचलून तिरकी करून पाहायची. आतलं वाहतंय तोवर औषध काम करतंय. वाहायचं थांबलं, नळी तिरकी केली तरी आतलं हललं नाही, की गुठळी झाली. मध्या टाकीकडे पाठ करून एका उंच स्टुलावर बसायचा, हातात स्टॉपवॉच. नळ्या बघणारा मोठ्याने म्हणायचा, "वाहतंय... वाहतंय... थांबलं," आणि 'थांबलं' ऐकताक्षणी मध्याचा अंगठा बटण दाबायचा. पाठ का करतोस, असं मी विचारलं तर म्हणाला, "डोळ्याला दिसलं की अंगठा लबाडी करतो. आपण बनवलेलं औषध चांगलं निघावं असं वाटतं ना आपल्याला, म्हणून." त्यानंतर त्याने चहा, कढी, आमरस, रंगाचे डबे, जे जे पातळ दिसेल ते ते तिरकं करून पाहिलं. माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याजवळ बासुंदीची वाटी धरून उभा असलेला त्याचा फोटो आहे. सगळे बाळाकडे बघतायत, हा वाटीकडे.

मग माई न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आठवडाभर ती अंथरुणाला खिळून होती आणि तिचा पाय सुजला. माणूस हलला नाही की पायाच्या शिरांतलं रक्त साकळतं, हे मध्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. हेपारिन सलाइनमधून सुरू झालं. बाटलीवर आमच्या कंपनीचं नाव होतं आणि ती ज्या खेपेतली होती तिच्या कागदांवर मध्याची सही. पण हे जुनं हेपारिन फार लहरी. एकाला जेवढं पुरतं तेवढं दुसऱ्याला जास्त होतं, म्हणून दर काही तासांनी रक्त तपासून धार कमी-जास्त करावी लागते. तो रविवार होता आणि लॅब बंद होती. दुपारी मध्या थर्मासमध्ये कोमट पाणी, खिशात काचेच्या नळ्या आणि स्टॉपवॉच घेऊन माईच्या खाटेशी बसला. तिचं रक्त त्याने नळीत घेतलं आणि मला म्हणाला, "तू बघ आणि बोल. मी पाठ करतो." मी नळी तिरकी करत म्हणत राहिलो, वाहतंय, वाहतंय... मला वाटलं ही चांगली बातमी आहे. पण इथे हिशोब उलटा होता. थोडं वाहून ते थांबायला हवं होतं आणि थांबतच नव्हतं. मध्याने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. तो तसाच नर्सकडे धावला. धार बंद झाली, उतारा दिला गेला, पण तोवर माईच्या जखमेचं ड्रेसिंग भिजून खाली चादर लाल झाली होती आणि पोटावर तळहाताएवढे काळेनिळे डाग पडले होते.

माई वाचली. पुढे आठ वर्षं ती जगली आणि तिने आम्हाला जगू दिलं नाही. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "कुठल्या बोकडाचं होतं रे?" मी हसलो. मध्या हसला नाही. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तो म्हणाला, "औषधाने पाहिजे ते काम करायला त्याच्यावर चोवीस तास पहारा बसवावा लागतो. हे म्हणजे चोराला रखवालीला ठेवण्यासारखं आहे. नाशकात रविवारी पहारा नाही, दिंडोरीत तर कधीच नाही. पहारा न लागणारं औषध पाहिजे."

पुढची सहा-सात वर्षं त्याने हेच केलं. जगात इतरत्र हे काम पुढे गेलेलं होतं, मध्या ते नाकारायचा नाही. आपल्याला ते आपल्या कारखान्यात, आपल्या हातांनी जमलं पाहिजे एवढंच त्याचं म्हणणं होतं. मला त्याने ते शेवयांवरून समजावलं. हेपारिनच्या साखळ्या लांबच लांब असतात, न मोडलेल्या शेवयांसारख्या. पातेल्यात त्या इथे तिथे चिकटतात आणि डाव घातला तर कधी बचक येते, कधी दोनच येतात. त्याच शेवया बारीक मोडून घ्या, मग चमच्याने मोजून वाढता येतात. साखळ्या मोजक्या लांबीला तोडल्या की वजनाप्रमाणे डोस ठरतो, रोज रक्त काढायला नको, पोटाच्या कातडीखाली एक बारीक सुई आणि माणूस घरी. सांगायला सोपं. करताना साखळ्या कधी फार तुटायच्या, कधी तुटायच्याच नाहीत. बॅचमागून बॅच मोरीत ओतली जायची आणि मालक हताश होऊन मला विचारायचे, तुमच्या मित्राला नापास करण्याची आवड आहे का. याच काळात दिंडोरीकडची कल्पना नावाची पोरगी त्याच्या हाताखाली लागली. द्राक्षबागायतदाराची मुलगी, बी. एस्सी. झालेली, आवाज असा खणखणीत की मध्याने मुलाखतीत दुसरं काही विचारलंच नाही. मला ती काका म्हणायची आणि मध्याला सर. तिने "थांबलं" म्हटलं की शेजारच्या शेडमधला वॉचमनसुद्धा थांबायचा.

शेवटी औषध उतरलं. रीतसर चाचण्या झाल्या, परवानगी आली आणि माझा दौरा सुरू झाला. मी ते कसं विकलं याच्या हकिगती मी आजवर बऱ्याच लग्नांत सांगितल्यात, इथे एकच सांगतो. खोक्यावर ठळक छापलेलं होतं, गोठवू नये. पण आपल्याकडे इंजेक्शन जितकं भारी तितकं त्याला जास्त थंड ठेवायचं, असा एक भक्तिभाव आहे. चांदवडला एका मेडिकलवाल्याने आमची बारा खोकी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात, आइस्क्रीमच्या शेजारी, मोठ्या प्रेमाने मांडून ठेवली होती. योगायोगाने मध्या त्या दिवशी माझ्याबरोबर होता. त्याने बाराच्या बारा खोकी काढून टेबलावर ठेवली. दुकानदार गयावया करायला लागला. "साहेब, लय तर दोन दिस ठेवलीत. बघा ना, पाण्यावाणी साफ हाये. खराब नसंल झालं." मीही रदबदली केली की बाबा, एखादी सुई तपासून बघू, ठीक असेल. मध्या म्हणाला, "एका सुईवरून बाकीच्यांची साक्ष देता येत नाही. ठीक असेलही. पण 'असेलही' टोचता येत नाही." आणि त्याने सगळी खोकी तिथल्या तिथे नष्ट केली. त्यानंतर जिल्ह्यातल्या प्रत्येक दुकानात मी फ्रीजवर हात ठेवून दुकानदाराकडून शपथ घ्यायचो. "हे औषध मी गोठवणार नाही, कुणाला गोठवू देणार नाही, गोठवणाऱ्याला सोडणार नाही." लोकांना फार आवडायची ती शपथ. काही दुकानदार मी दिसलो की न सांगताच फ्रीजवर हात ठेवायचे.

आता बर्फ. या मे महिन्यात मध्या घराच्या जिन्यावरून घसरला आणि घोट्याच्या वर दोन ठिकाणी हाड मोडलं. ऑपरेशन, मांडीपर्यंत प्लास्टर. हॉस्पिटलात त्याला रोज सकाळी त्याचंच औषध टोचलं जात होतं आणि तो नर्सला खोक्यावरची बॅच वाचायला लावत होता. शनिवारी दुपारी घरी सोडलं, आणखी दहा दिवसांची इंजेक्शनं लिहून दिली. हा मान माझा, असं मी जाहीर केलं. आमच्या वितरकाकडून दहा सुयांचं ताजं खोकं घेतलं आणि बाहेर आलो तर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. खोक्यावर लिहिलेलं, पंचवीस अंशांच्या खाली. चौकात मटका कुल्फीवाला उभा होता. मी त्याच्याकडून माझ्या जेवणाच्या डब्यात बर्फ मागितला. तो म्हणाला, "इंजेक्शनाला का? मग वरचा नको, खालचा देतो. लय गार असतो." खोकं त्या बर्फात बसवलं, डबा बंद केला. तिथून सरळ पंचवटी पाऊण तासाच्या आत होतं. पण वाटेत एक जुना मेडिकलवाला भेटला, त्याला मध्याच्या पडण्याची हकिगत साभिनय सांगण्यात तास गेला. मी बोलत असताना वेळेचा हिशोब ठेवणारा आमच्यात एकच होता आणि तो घरी प्लास्टरमध्ये होता.

मध्याने डबा उघडला. ओल्या खोक्यावर पांढरा थर धरला होता. त्याने बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "खारट आहे. बर्फ कुठला?" मी सांगितलं. तो इतका हसला की खाट हलली आणि वहिनी धावत आल्या. कुल्फी जमावी म्हणून बर्फात मीठ घालतात आणि मिठाने तो शून्याच्या खाली जातो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. जिल्हाभर शपथा घालत हिंडणाऱ्या माणसाने, गोठू नये असं एकच औषध, गोठवायच्याच बर्फात घालून आणलं होतं. "पोपटराव, ती शपथ म्हण जरा," तो डोळे पुसत म्हणाला, आणि मी डब्यावर हात ठेवून म्हटली. मग त्याने एक सुई खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. "दिसतंय तर साफ."

"मग घे ना उद्या सकाळी."

"असेलही चांगलं," तो म्हणाला. पुढचं त्याने म्हटलं नाही, मीच मनात म्हटलं. मी उठलो, आत्ता जाऊन दुसरं आणतो म्हणालो. वितरक बंद झाला असेल, तर मी हॉस्पिटलच्या दुकानात जातो म्हणालो. त्याने माझा हात धरून खाली बसवलं. "ऊन बघ काय आहे. आजचा डोस झालाय. सोमवारी आण, बिनबर्फाचं. एका दिवसाने काय होतंय? मी पाय हलवतो." एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कुणी तासभर बसलेलं दिसलं की हा माणूस त्याला पाय हलवायला लावायचा. प्लास्टरमधला पाय हलवता येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी बसलो. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या दिवशी चांदवडला एका साखरपुड्यात सूत्रसंचालन करायचं होतं आणि पुन्हा गावभर फिरायचा कंटाळा आला होता.

रविवारी दुपारी, दोनशे पाहुण्यांसमोर, मी कुल्फीच्या बर्फाची गोष्ट सांगितली. मध्याचा आवाज काढला, बोट जिभेला लावून दाखवलं, शपथ म्हटली. मुलाचे आजोबा खुर्चीतून पडता पडता राहिले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत यशस्वी किस्सा होता. मी तो सांगत होतो तेव्हा मध्याच्या पायात काय चाललं होतं, याचा विचार आता मी दिवसातून अनेकदा करतो. सोमवारी पिशवीत कोरडं खोकं घालून मी पंचवटीत शिरलो. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

सर्जनना मी तीनदा जाऊन विचारलं. एका चुकलेल्या डोसने झालं का? ते सज्जन माणूस. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, की नक्की कुणीच सांगू शकत नाही. सगळे डोस वेळेवर घेतलेल्यांनाही क्वचित होतं, धोका कमी होतो पण नाहीसा होत नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा तिथेच अडकलो. मला त्याहून लहान गोष्ट हवी होती. माझ्या बर्फाने औषध मेलं होतं का, एवढीच.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक मध्याचं स्टॉपवॉच, अंगठ्याच्या जागी रंग उडालेलं. दुसरं शनिवारचं खोकं. त्यावर पेनाने, त्याच्या सुबक अक्षरात, लिहिलेलं होतं, "शंकास्पद. टोचू नये. तपासणे." खाली सही आणि तारीख. म्हणजे मी गेल्यावर, हसून झाल्यावर, त्याने पेन मागून घेतलं होतं आणि स्वतःच्या दुखऱ्या पायावरच्या औषधाला कारखान्यातल्या मालासारखी चिठ्ठी लावली होती. वहिनी म्हणाल्या, "तपासून आणा, भाऊजी. ह्यांना अर्धवट ठेवलेलं आवडायचं नाही." मी म्हटलं, आता काय उपयोग. त्या म्हणाल्या, "उपयोगासाठी नाही म्हणत मी."

सातपूरच्या त्या खोलीत आता नवं यंत्र आहे. नळ्या आत गेल्या की आकडे बाहेर. कल्पना आता तिथली प्रमुख आहे. तिने खोक्यावरचं अक्षर वाचलं आणि यंत्र बाजूला ठेवून कोपऱ्यातली जुनी टाकी पुसली. पाणी कोमट झालं. "काका, एक करून नाय चालायचं," ती म्हणाली, "सर दहाच्या दहा करायला लावतील." तिने दहाही सुया उघडल्या. दहा नळ्या, आणि अकरावी बिनऔषधाची, पडताळ्यासाठी. मग मला म्हणाली, "घड्याळ तुमच्याकडे आहे. बसा तिथं." तिथं म्हणजे उंच स्टुलावर, टाकीकडे पाठ करून.

मी बसलो. समोर भिंत, तिच्यावर जुन्या कॅलेंडरचा खिळा. आयुष्यभर लोकांकडे तोंड करून बोलत आलो. पाठ करून गप्प बसण्याची ही पहिलीच वेळ. औषध मेलेलं निघालं तर ते मी मारलं. जिवंत निघालं तर तो उगाच थांबला, आणि थांबला तो माझ्या बर्फामुळे. यातलं मला काय हवं होतं, ते मला त्या स्टुलावर ठरवता आलं नाही, आजही येत नाही. मध्या पाठ का करायचा ते मात्र तेव्हा कळलं. माझा अंगठा घामाने घसरत होता.

मागे काचेवर काच किणकिणली. कल्पनाचा आवाज सुरू झाला, तोच, शेजारच्या शेडपर्यंत जाणारा. अकरावी, थांबलं. मी बटण दाबायचं विसरलो, तिने आठवण करून दिली. मग पहिली, वाहतंय. दुसरी, वाहतंय. तिसरी, चौथी... दहावी, वाहतंय. पुन्हा पहिली. पुन्हा दहावी. अकरावीची वेळ केव्हाच उलटून गेली, दुप्पट झाली, तिप्पट झाली. मी मागे वळलो नाही. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि मग थांबला. मला वाटलं ती आता म्हणेल, काका, झालं. स्टॉपवॉच माझ्या हातात टिकटिकत होतं. आणि मागून, माझ्या पाठीकडे बघत, नेहमी ज्या स्वरात म्हणायची त्याच स्वरात ती म्हणाली,

"सर, अजून वाहतंय."